दुतोंडी मांडूळ आणि माझी डावी चप्पल

माझी डाव्या पायाची चप्पल राजूरजवळच्या एका शेतवस्तीवर भिंतीला खिळ्यावर टांगलेली आहे. टायरच्या सोलची आहे, अजून दहा वर्षं तरी झिजायची नाही. मी ती परत मागितलेली नाही आणि मागितली तरी कोणी देणार नाही. उजवी माझ्याकडे आहे. दर दिवाळीला साफसफाई करताना बायको ती फळीवरून खाली काढते, "ही एकटी कशाला सांभाळून ठेवली?" म्हणते, मग स्वतःच आठवून हसते आणि परत वर ठेवते.

मी जनरेटर मिस्त्री. जालन्यात मस्तगडला माझं दुकान होतं. दुकान म्हणजे एक शटर, एक बाक आणि पोट उघडून पडलेली दहा-बारा इंजिनं. गुडघ्यांनी राजीनामा दिला तेव्हा मीही दिला. आता शटर बंद असतं आणि मी बाकावर असतो. "तुमच्या धंद्यातले अनुभव लिहा" असं या अंकवाल्यांनी सांगितलं तेव्हा वाटलं, इंजिनाबद्दल लिहू. लिहायला बसलो तर एक पान भरेना. इंजिन बिचारं सरळ असतं. त्याला पेट्रोल द्या, हवा द्या, वेळच्या वेळी तेल बदला, ते मुकाट्यानं चालतं. भानगडी सगळ्या माणसांच्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. घरचा छोटा जनरेटर म्हणजे पेट्रोलवर चालणारं इंजिन. लाईट गेली की दोरी ओढायची, इंजिन सुरू होतं आणि त्यातून वीज निघते. ही वीज आणि खांबावरून येणारी वीज या दोघी सख्ख्या जावा. दोघींना एकाच वेळी एका स्वयंपाकघरात सोडायचं नाही. एवढं ज्याला कळलं त्याला माझा अर्धा धंदा कळला. उरलेला अर्धा असा, की जनरेटर घरात ठेवायचा नाही.

पण आपल्याकडे जनरेटर विकत घेतला की तो घरातला माणूस होतो. दसऱ्याला त्याला असा जाड झेंडूचा हार घालतात की हवा आत जायची जागाच बुजते. मग दुसऱ्या दिवशी फोन येतो, "मिस्त्री, पूजा केल्यापासून बंद पडला." मी गेलो की हार काढायचो, दोरी ओढायचो, इंजिन सुरू. हार काढायचे पैसे कसे मागणार? प्रसादाचा पेढा घेऊन परत यायचो. एका बाईंनी तर चालू जनरेटरला गोधडी पांघरली होती, कारण शेजारीण आवाजावरून भांडत होती. गोधडी अर्धी जळाली. बाई माझ्यावर चिडल्या, कारण ती त्यांच्या आईच्या लुगड्यांची होती आणि "गोधडी घालू नका" असं मी मशीन देताना सांगितलं नव्हतं. मी खरंच सांगितलं नव्हतं. कोणाच्या डोक्यात येईल?

आमच्याच गल्लीत हबीब चाचा राहायचे. शिंपी. घरातच शिलाईची मशिनं. सणाचे कपडे शिवायची घाई होती आणि लाईटीचा लपंडाव चालू, म्हणून त्यांनी माझ्याकडून जुना जनरेटर नेला. चार दिवसांनी भर दुपारी भिंतीला धरत धरत दुकानात आले.

"मिस्त्री, घर को नजर लगी. सबके सर भारी हो रै. बेगम को उलट्या. मेरेकू मशीन पे बैठे बैठे चक्कर."

"डॉक्टरला दाखवलं का?"

"नजर पे डॉक्टर क्या करता? मिर्च्या जलाई. किसीकू ठसका तक नै आया. बहोत बडी नजर है."

मिरच्या जाळून ठसका आला नाही म्हणजे नजर जबरदस्त, हे आमच्याकडं सगळ्या जातिधर्मांत एकमतानं मान्य आहे. पण माझ्या डोक्यात वेगळाच किडा वळवळला. मी विचारलं, "चाचा, जनरेटर कुठाय?"

चाचांनी इकडंतिकडं पाहिलं आणि गुपित सांगावं तसं सांगितलं, "अंदर. मोरी में. दरवाजा लगा के. बाहर रख्या तो कोई उठाके ले जाएंगा."

मी पळतच गेलो. मशीन बंद केलं, खिडक्या उघडल्या आणि चाचींना, दोन्ही पोरांना, सगळ्यांना गल्लीतल्या ओट्यावर आणून बसवलं. मग रिक्षा बोलावून दवाखान्यात पाठवलं. सगळे वाचले. संध्याकाळी मी चाचांना समजावून सांगितलं, की या धुरात एक वायू असतो, त्याला वास नाही, रंग नाही. आधी डोकं दुखतं, मग मळमळतं, मग झोप येते, आणि बंद घरात त्या झोपेतून माणूस उठत नाही. म्हणून जनरेटर उघड्यावर ठेवायचा, खिडकी-दारापासून लांब.

चाचा डोक्याला हात लावून म्हणाले, "मतलब चोर से तो बचाया, अन् घरवालोंकू..."

दुसऱ्या दिवशी त्यांनी अंगणात लोखंडी पिंजरा करून घेतला, त्याला हे एवढं कुलूप लावलं आणि जनरेटर आत ठेवला. गल्लीतली लहान पोरं आपल्या पाहुण्यांना तो पिंजरा दाखवायला आणायची.

ही गोष्ट मी छाती फुगवून सांगतो. आता पुढची सांगताना छाती आत जाते.

घराला जनरेटर जोडायचा म्हणजे रीतसर एक स्विच बसवावा लागतो. चेंजओव्हर म्हणतात त्याला. एक दांडा असतो. वर केला तर खांबावरची वीज घरात, खाली केला तर जनरेटरची. दोन्ही एकदम येऊच शकत नाहीत. जावांच्या मध्ये उभी असलेली खमकी सासूच ती. पण हा स्विच बसवायला अर्धा दिवस लागतो, भिंतीला छिद्रं पाडावी लागतात, आणि गिऱ्हाइकाला सगळं जल्दी पाहिजे. मग ते हळूच म्हणतं, "मिस्त्री, ती वायर द्या ना."

ती वायर म्हणजे दोन्ही टोकांना पिना असलेली वायर. एक टोक जनरेटरमध्ये खुपसायचं, दुसरं भिंतीतल्या कुठल्याही सॉकेटमध्ये, की सगळं घर मागच्या दारानं उजळून निघतं. मी तिला मांडूळ म्हणायचो, कारण त्या सापाला दोन्हीकडं तोंड असतं असं आमच्याकडं मानतात. साध्या वायरीच्या पिना सॉकेटमधून काढल्या की मेलेल्या असतात. मांडुळाच्या पिना जनरेटर चालू असेपर्यंत उघड्यावर जिवंत असतात आणि माणूस त्या हातात घेऊन घरभर फिरतो. त्यातून घराचा मेन स्विच चालूच राहिला, तर जी वीज खांबावरून घरात यायची ती घरातून उलटी खांबावर जाते. आणि लाईट गेल्यावर खांबावर कोण असतं? वायरमन. तो बिचारा लाईट नाही म्हणून निर्धास्त हात घालतो.

हे सगळं मला ठाऊक होतं. तरी मी मांडूळ बनवून देत होतो. देताना बजावायचो, "आधी मेन बंद, मंगच वायर." गिऱ्हाईक मान हलवायचं. गिऱ्हाइकाची मान टेबलफॅनसारखी असते, दोन्हीकडं हलते, ऐकत काही नाही. मी नाही दिली तर दुसरा देईल, अशी मी स्वतःची समजूत घालायचो. धंद्यात ही समजूत फार स्वस्त मिळते.

तर सखाहरी आबा. राजूरपासून दोन कोसांवर त्यांची शेतवस्ती. मोसंबीची बाग, आणि आवाज असा की या बांधावर खोकले तर त्या बांधावरची पाखरं उडायची. एकुलती एक लेक रेखा. तिचं लग्न बद्री नावाच्या वायरमनशी झालेलं. लग्नानंतरचा पहिलाच धोंड्याचा महिना आला आणि तो नेमका ज्येष्ठात. ऊन असं की कावळासुद्धा चोच उघडी टाकून बसलेला. लेक-जावयाला बोलावून जेवू घालायचं, तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं, आणि जावयाला घाम येऊ द्यायचा नाही, असा आबांचा संकल्प होता. त्यासाठी त्यांनी घराला गुलाबी रंग दिला, नवा कूलर आणला आणि लाईट गेल्यावर कूलर बंद पडू नये म्हणून जनरेटर आणला.

मी जोडून द्यायला गेलो तेव्हा सरळ सांगितलं, "आबा, भिंतीवर चेंजओव्हर बसवू."

आबा भिंतीला पाठ लावून उभे राहिले. "भिंत कालच रंगवली. पाव्हणे सांजच्यालाच येऊन राह्यले. एक खिळाबी ठोकू देणार न्हाई. तुम्ही ती दुसरी वायर द्या."

मी दिली. बाहेर कडुलिंबाखाली जनरेटर ठेवायला लावला आणि मेन कसा पाडायचा ते तीनदा करून दाखवलं. आबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग देवघरातल्या दिव्याचं काय?"

तो दिवा म्हणजे वेगळंच प्रकरण. आबांच्या मंडळी कौसाबाई यांनी महिनाभर अखंड दिवा लावायचं देवाला बोललेलं होतं. पण कूलरचं तोंड देवघराकडं. कूलर लावला की तेलाचा दिवा फस्स. म्हणून घरातल्याच अकलेनं तोड काढली आणि देवापुढं लाल झिरोचा बल्ब लावला. तेव्हापासून अखंड दिवा मीटरवर चालला होता.

मी म्हणालो, "आबा, लाईट गेली म्हणजे बल्ब विझलेलाच असतो. मंग मेन पाडायला काय हरकत?"

"लई फरक हाय, मिस्त्री," आबा म्हणाले. "लाईट गेली तर दिवा लाईटवाल्यांनी विझवला. पाप त्यांच्या माथी. मेन म्या पाडला तर दिवा म्या विझवला. पाप माझ्या माथी. तेबी जावई घरात असताना."

मला हसू आवरेना. मी म्हणालो, "आबा, पाप माझ्या नावावर टाका, पण मेन पाडा." आबांनी मान हलवली. त्यानंतर दोन दिवस मी ही गोष्ट दुकानात येईल त्याला सांगितली, दोघातिघांना तर पुन्हा बोलावून सांगितली. खूप हसलो. वायर मात्र जाऊन परत आणली नाही.

तिसऱ्या दिवशी धोंड्याचं जेवण. आबांनी मलाही बोलावलं होतं. दुपारी मोटारसायकलवर वस्तीजवळ पोचलो, तर बांधावरच्या खांबाला कोणीतरी चिकटलेलं दिसलं. नवी कोरी पँट, नवा शर्ट, कपाळाला हळदीकुंकू आणि हातात पक्कड. बद्री!

"पाव्हणे, वर काय करून राह्यले?"

"हळू बोला, मिस्त्री. मामाला कळलं तर मला पुन्हा आडवं करतीन." बद्री काकुळतीला आला होता. "तीन दिवस झाले, नुसतं खाऊन राह्यलो. तांब्याभर पाणीबी हातानं घेऊ देत न्हाईत. काल म्या चप्पल सरळ केली तर सासूबाई रडल्या. हात शिवशिवून राह्यले. इथं जोड ढिला हाय, म्हणून घरात लाईट लपलप करती. दोन मिनिटांचं काम. लोडाला चादर घालून आल्तो, त्यांना वाटून राह्यलं म्या झोपलोय."

"आन् लाईन बंद केली का?"

त्यानं ऐटीत खिसा थोपटला. "डीपीवरचा फ्यूज खिशात हाय. आता ब्रह्मदेव आला तरी या वायरीत लाईन येत न्हाई."

डीपी म्हणजे शेताच्या कडेचा ट्रान्सफॉर्मर. तिथला फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवायचा, म्हणजे दुसरा कोणी शहाणा तो परत लावत नाही, ही जुन्या वायरमन लोकांची पद्धत. बिलकुल बरोबर पद्धत. मी त्याला शाबासकी दिली आणि गाडीला किक मारणार, एवढ्यात घराकडून आवाज आला. घर्रर्र. थोडं थांबून पुन्हा, घर्रर्र.

दोरी ओढल्याचा आवाज. इंजिन तिसऱ्या ओढीला सुरू होतं, हे मीच आबांना शिकवलं होतं.

बद्रीनं फ्यूज काढला म्हणून घरातली लाईट गेली. लाईट गेली म्हणून कूलर बंद पडला, दिवा विझला. म्हणून आबा निघाले मांडूळ घेऊन. मेन ते पाडणार नव्हते, हे जगात दोघांनाच ठाऊक होतं, आबांना आणि मला. आणि घरात जाणाऱ्या वायरीचं खांबावरचं टोक या घडीला बद्रीच्या हातात होतं.

"बद्री, हात काढ! खाली ये!"

तिसरी ओढ. इंजिन धडधडायला लागलं.

"काळजी नका करू, मिस्त्री!" बद्री हसला आणि पुन्हा खिसा थोपटला. "फ्यूज खिशात हाय!"

त्याला समजावत बसायला वेळ नव्हता. मी गाडी तशीच आडवी टाकली आणि घराकडं पळत सुटलो. तेव्हा गुडघे होते. अंगणाचं फाटक शेळ्या शिरू नयेत म्हणून तारेनं घट्ट बांधलेलं. आत काय दिसलं? कडुलिंबाखाली जनरेटर छान चालू. वायरीचं एक तोंड त्यात. दुसरं तोंड आबांच्या हातात. नवं धोतर, डोक्याला फेटा, आणि आबा मिरवणुकीतल्यासारखे सावकाश ओसरीवरच्या सॉकेटकडं चाललेले. ओसरीवर कौसाबाई अनारशांची परात घेऊन बसलेल्या, शेजारी भावकीची पंगत मांडलेली.

"आबा, थांबा!"

"या, या, मिस्त्री! वक्तावर आले!"

"मशीन बंद करा! बद्री पोलवर हाय!"

आबांनी कानाला हात लावला. "काय? काही ऐकू येईना! जनरेटर चालू हाय!"

आणि ते वळून सॉकेटपुढं वाकले.

मी पायातली उजवी चप्पल काढली आणि फेकली. टायरची चप्पल जड असते, नेम धरला तिथं जात नाही. ती थेट अनारशांच्या परातीत जाऊन पडली. तेहतीस अनारसे आणि चौतिसावी चप्पल. बायका किंचाळल्या, पण आबांचं लक्ष सॉकेटवर. पिना भोकांपासून वीतभर राहिल्या होत्या. मी डावी काढली, मनातल्या मनात राजूरच्या गणपतीला हात जोडले आणि फेकली. ती सणसणत गेली आणि आबांच्या कानशिलावर बसली. फेटा उडून धुळीत पडला. वायर हातातून सुटली.

मी फाटकावरून उडी मारली, पँट टराटरा फाटली, तसाच जाऊन मशीन बंद केलं. आणि पुन्हा कोणी दोरी ओढू नये म्हणून जनरेटरवरच ठाण मांडून बसलो. सायलेन्सर तापलेला होता. फाटलेली पँट नेमकी कुठं फाटली होती ते तेव्हा कळलं. पण उठलो नाही.

भावकी माझ्याभोवती गोळा झाली. कोणी म्हणालं, "मिस्त्रीला ऊन लागलं." दुसरा म्हणाला, "ऊन न्हाई, प्याला हाय." तिसऱ्यानं माझी कॉलर धरली. आबा मात्र जागचे हलले नाहीत. उघड्या डोक्यानं उभे राहून, त्या माणसाकडून मी कधी ऐकला नव्हता इतक्या हळू आवाजात म्हणाले, "मिस्त्री, जावई घरात असताना तुमी मला चप्पल मारली."

"आबा, जावई घरात न्हाई. पोलवर हाय. लाईनीला हात घालून."

"जावई आत झोपलेत. म्या सोता बघून आलो."

दोघं जण आत गेले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात चादरीत गुंडाळलेला लोड होता.

त्याच वेळी घरात कूलर घरघरला. देवघरात लाल बल्ब लागला. आणि फाटकाशी बद्री आला, काळे झालेले हात पाठीमागं लपवून. "मामा, लाईट आली का?" असं विचारता विचारता त्याला धुळीतला फेटा दिसला, परातीतली चप्पल दिसली, जनरेटरवर बसलेला मी दिसलो. "काय झालं?" तो म्हणाला.

सगळ्यांत आधी कौसाबाईंना कळलं. त्यांनी जावयाच्या काळ्या हातांकडं पाहिलं, खाली पडलेल्या वायरीकडं पाहिलं, आणि "म्या दिव्यापायी..." एवढंच म्हणून पायरीवर बसल्या. रेखा धावत येऊन नवऱ्याच्या दंडाला धरून उभी राहिली, सोडेचना. मग आबा सावकाश बद्रीजवळ गेले. त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले, उलटसुलट करून पाहिले आणि रडायला लागले. एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस, पण रडताना काही आवाज आला नाही.

"म्या काय करून राह्यलो व्हतो, मिस्त्री?" ते म्हणाले. मग त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले, वायरीकडं बोट केलं आणि विचारलं, "ही असली वायर करतं कोण?"

आबांना ठाऊक होतं. भावकीला नव्हतं. त्या क्षणापर्यंत मी जावयाचा जीव वाचवणारा माणूस होतो, कॉलर धरणारा हात आता पाठीवरून फिरायला लागला होता. गप्प बसलो असतो तर आबा काही बोलले नसते. तेवढा मोठेपणा त्यांच्यात होता.

"मी केली," मी म्हणालो.

पाठीवरचा हात थांबला.

आबांनी परातीतली उजवी चप्पल उचलली. तिला खसखस चिकटली होती. ते म्हणाले, "मेन पाडला न्हाई, ती चूक माझी. माझ्या वाट्याची मला बसली. बराबर बसली. मंग ही कोणाच्या वाट्याची?"

मी जनरेटरवरून उठलो, पुढं गेलो आणि मान खाली घातली. आबांनी ती चप्पल माझ्या डोक्यावर टेकवली. मारली नाही, टेकवली. केसांत खसखस पडली. मग माझ्या हातात चप्पल देऊन नेहमीच्या गडगडाटी आवाजात ओरडले, "चला, पानं वाढा! पाव्हण्यांना उपाशी ठेवता का?"

जावयाला त्या दिवशी तीस अनारसे आणि तीन अनारशांचा चुरा मिळाला. बद्रीनं सगळं खाल्लं. मला उभ्यानं जेवावं लागलं. कारण सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी मी त्या गुलाबी भिंतीला छिद्रं पाडून चेंजओव्हर बसवला. आबांनी मांडुळाचे कोयत्यानं तुकडे केले. देवापुढं तेलाचाच दिवा परत आला, फक्त काचेच्या पेटीत, आणि कूलरचं तोंड दुसरीकडं फिरवलं. इतकं सोपं होतं ते. मग आबांनी एक खिळा घेतला, ज्या भिंतीला खिळा ठोकू देणार नव्हते तिच्यात स्वतःच्या हातानं ठोकला, आणि स्विचच्या बरोबर वर माझी डावी चप्पल टांगली. नजर लागू नये म्हणून लोक घराला चप्पल टांगतातच. ही कशासाठी आहे, ते घरात येणाऱ्या प्रत्येकाला आबा स्वतः सांगतात. बद्री दर वेळी तिच्या पाया पडतो, असं रेखा म्हणते.

जालन्याला परत येऊन मी दुकानात बसलो आणि आठवून आठवून यादी केली. मी आयुष्यात चौदा मांडुळं बनवली होती. एक आबांची. उरलेली गोळा करायला महिनाभर फिरलो. लोक आधी भांडायचे, मग मी चपलेची गोष्ट सांगायचो, मग हसत हसत वायर आणून द्यायचे. हबीब चाचांकडंही एक होती. त्यांनी ती माझ्या देखत कात्रीनं कापली, कपडा कापावा तशी, आणि म्हणाले, "मिस्त्री, तुमने भी अंदर मोरी में रख्या था कुछ." अशी आबांची धरून तेरा झाली.

चौदावी मिळाली नाही. एका बाजारच्या दिवशी एक माणूस आला होता, मध्यम वयाचा, खांद्यावर टॉवेल. लग्नाची घाई आहे म्हणाला, म्हणून मी नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. पुष्कळ शोधलं. खरं सांगायचं तर अंकवाल्यांना मी लिहायला हो म्हणालो, ते त्या एका वायरीसाठी. हा अंक फिरत फिरत तुमच्या हाती आला असेल, तर भाऊ, आत्ता उठा. मशीन बंद आहे ना, बघा. वायर दोन्हीकडून काढा आणि मधोमध कापा. माझ्याकडं आणून द्यायची गरज नाही. फक्त दुकानावरून जाताना "कापली" एवढं ओरडा. मी बाकावरच असतो.

तोवर माझं एक काम चालू आहे. मस्तगडला लाईट गेली आणि कुठूनतरी जनरेटरची धडधड ऐकू आली की मी गुडघे धरत धरत गच्चीवर जातो. बायको खालून ओरडते, "अहो, उन्हात अनवाणी कशाला गेलात?" चप्पल हातात असते. एकेक खांब बघतो. सगळे खांब रिकामे दिसले, की मगच ती पायात घालतो.